डिचोलीकडचं जुन्या गाड्यांचं गॅरेज: चासी नंबर शोधून वाचून घ्यायचा असेल तर इथेच जा

घरात जुनी गाडी पडून आहे आणि ती व्हिंटेजमध्ये, म्हणजे पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांच्या वर्गात, नोंदवायचा विचार चाललाय, अशांसाठी हे लिहितेय. गोव्यात डिचोलीच्या बाजूला एक छोटं गॅरेज आहे, धड बोर्ड पण नाही, मालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मेस्त्रीबाब म्हणतात. नाव-नंबर कुठे टाकू नको असं त्यांनीच बजावलंय कारण हातात आधीच भरपूर कामं आहेत, पण डिचोली बाजारात स्पेअर पार्टच्या दुकानात विचारलंत की कोणीही रस्ता दाखवेल. मी त्यांच्याकडून इंजिनाचं वगैरे काही करून घेतलं नाही, फक्त गाडीवरचे नंबर (चासी म्हणजे सांगाड्याचा, आणि इंजिनाचा) शोधून, साफ करून, वाचून, त्यांचा अर्थ लावून घेतला. एवढ्या एका कामाला मी त्यांना पैकीच्या पैकी देईन. वेळेच्या बाबतीत नाही, ते पुढे सांगते.

गाडी सासऱ्यांची, मॉरिस मायनर १००० ही ब्रिटिश गाडी, दोन दारांची, पोर्तुगीज काळात आलेली. त्यावेळी इकडे परदेशी माल सहज यायचा, खाणींमुळे लोकांच्या हातात पैसा होता, मुरगाव बंदरात मायनर, ओपेल, मर्सिडीज, फोक्सवॅगन अशा गाड्या उतरायच्या आणि सीमेपलीकडे भारतात मात्र आयातीवर कडक बंधनं. म्हणून आजही आपल्याकडे जुन्या घरांच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी निघते. १९६१ नंतर त्यांना जीडी ने सुरू होणारे नोंदणी नंबर मिळाले. आमच्याकडे त्याआधीचा एकही कागद शिल्लक नाही, फक्त नंतरचं आरसी बुक, आणि त्यातला चासी नंबर वाचून कुणालाच काही कळत नव्हतं.

आधी ऑनलाइनचं सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. नंबर टाका आणि गाडीची कुंडली मिळवा म्हणणारी जी अ‍ॅप आहेत ती सगळी सतरा अक्षरांचा नंबर मागतात. ती सतरा अक्षरांची पद्धत अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली आणि मग हळूहळू सगळीकडे पसरली, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. त्याच्या आधी प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत होती, नंबर लहान-मोठे, काहींमध्ये वर्ष आहे काहींमध्ये नाही. एका अ‍ॅपने आधी पैसे कापून घेतले आणि मग नंबर अवैध आहे म्हणून सांगितलं, परत मागितले तर उत्तरच नाही. १९८१ च्या आधीच्या गाडीसाठी असल्या अ‍ॅपवर एक रुपया घालवू नका.

आता मेस्त्रीबाबांचं काम. मायनरची प्लेट बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर असते, इंजिन आणि केबिनच्या मधला तो आडवा पत्रा. आमच्या प्लेटवर इतक्या वेळा रंग मारलेला की ती प्लेट आहे हेच कळत नव्हतं, गुळगुळीत चौकोन नुसता. माझ्या दिराने उत्साहाने वायर ब्रश काढला तर त्यांनी तो हातातून काढूनच घेतला, म्हणाले, "बाबू, ह्या ब्रशाने आकडेच जातील, रंग राहील." मग कापसाचा बोळा रंग काढायच्या औषधात भिजवून प्लेटवर ठेवला, वर प्लास्टिकचा तुकडा झाकला, आणि चहा मागवला. रंग फुगला की बांबूची टोकदार काडी घेऊन एकेक थर काढत बसले, लोखंडाचं काहीही लावलं नाही. थर निघत गेले तसे पांढरा, मग लाल, मग परत पांढरा, आणि अगदी खाली प्लेटच्या कडेला पत्र्यावर निळसर राखाडी. ते बघून सासरे खुर्चीतून उठून आले. गाडी मुळात ह्याच रंगाची होती म्हणून ते वर्षानुवर्षं सांगत होते आणि घरात कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

नंबर दिसायला लागला तरी त्यांनी लगेच वाचला नाही. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च अगदी आडवी धरली म्हणजे खोलगट भागात सावली पडते, मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलकी फिरवली. आरटीओत चासीची पेन्सिल प्रिंट देतात तीच पद्धत, पण ह्यांचा हात इतका हलका की तीन आहे की आठ हा जो वाद होता तो कागदावर स्पष्ट सुटला, तीन.

आणि मग कळलं की आरसी बुकातच चूक आहे! बुकात सुरुवात एम ए २५३ अशी लिहिलेली, प्लेटवर एम ए २ एस ३. इंग्रजी एस आणि पाच सारखेच दिसतात, कुणीतरी कधीतरी उतरवताना पाच लिहिला आणि पुढे तोच चालत आला. अर्थ असा: एम म्हणजे मॉरिस, ए म्हणजे ए सिरीज इंजिन, २ एस म्हणजे दोन दारांची सलून (बंद टपाची गाडी), ३ म्हणजे ९४८ सीसीवाली पिढी, ही १९६२ पर्यंत चालली, त्यानंतर १०९८ सीसी आली तिथे ५ येतो. डाव्या स्टिअरिंगची असती तर पुढे एल आला असता, आमच्यात नाही. पोर्तुगालमध्ये १९२८ पासून गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात पण गोव्यात तेव्हाही डावीकडूनच चालायच्या, त्यामुळे आपल्याकडे उजवं स्टिअरिंगच सोयीचं. पन्नासच्या दशकातल्या आधीच्या मायनरला एफ नं सुरू होणारा वेगळा कोड असतो आणि त्यात तिसरं अक्षर चक्क मूळ रंगाचं असतं, तशी गाडी असेल तर तुमचं काम अजून सोपं.

इंजिन नंबर डायनमोच्या वर ब्लॉकला लावलेल्या छोट्या पट्टीवर. तो १० एम ए नं सुरू होणारा निघाला म्हणजे १०९८ सीसीचं नंतरचं इंजिन, मूळचं असतं तर ९ एम दिसायला हवं होतं. मेस्त्रीबाबांनी हे सासऱ्यांना तोंडावर सांगितलं, "अण्णा, इंजिन बदललेलं आहे, लपवू नका, अर्जात लिहा." सुदैवाने आरसी बुकात इंजिन बदलाची नोंद आहे. मला हेच सगळ्यात आवडलं, गोड बोलून ओरिजिनल आहे ओरिजिनल आहे करणारे दलाल आम्ही बघितलेत.

ते फक्त मायनरच बघतात असं नाही. आम्ही होतो तेव्हा शेजारी एक मर्सिडीज १८० डी उभी होती, तिचा नंबर १२०.११० ने सुरू होतो, हा गाडीचा टाइप, आणि नंतरच्या गाड्यांमध्ये त्याच्या पुढचा १ म्हणजे डावं स्टिअरिंग, २ म्हणजे उजवं, त्यापुढचं शून्य म्हणजे हाताचा गिअर. फोक्सवॅगन बीटलवाल्यांनी मागची सीट उचलून मधल्या बोगद्यावर, म्हणजे तळाच्या मधल्या उंचवट्यावर, बघायचं, नंबर तिथे ठोकलेला असतो, आपल्या हवेत तिथेच पाणी साचून गंज धरतो तेव्हा आजच बघा. जुन्या इटालियन फियाटचं मात्र ते घेत नाहीत, त्यातलं मला कमी कळतं म्हणून सरळ सांगतात.

अजून एक, नंबर परत ठोकून द्या किंवा नेटवरून मागवलेली कोरी प्लेट लावून द्या म्हणून कोणी आलं तर ते गाडी आत घेत नाहीत. आरटीओची लेखी परवानगी आणा मग बोला. आणि ते बरोबरच आहे, घासून काढलेला नंबर पोलिसांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅसिड लावून परत दिसू शकतो, कारण ठोकताना खालची धातू पण दबलेली असते.

त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं. त्यांच्याकडे कारखान्याच्या मूळ नोंदवह्या आहेत, चासी नंबर दिला की गाडी कधी बनली, रंग कोणता, मूळ इंजिन नंबर काय, कुठे रवाना झाली हे लिहून देतात. चुकीचा २५३ दिला असता तर काहीच हाती लागलं नसतं. सर्टिफिकेटवर रंग आला स्मोक ग्रे. सासऱ्यांनी ते फ्रेम करून घेतलंय. ही सेवा पण चांगली आहे, ईमेलला नीट उत्तर देतात, पण आधी धातूवरचा नंबर पक्का करूनच त्यांच्याकडे जा.

हे सगळं आत्ता का, तर जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली हवीत आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, पुढच्या वेळी ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे आमचा जीडी राहील, ह्याचा घरात सगळ्यांना आनंद आहे. अर्ज भरायचा बाकी आहे, आधी आरसीतला तो पाच दुरुस्त करून घेतोय.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावंच लागतं, आणि या म्हटलेल्या दिवशी ते स्वतःच कुठेतरी टो करायला गेलेले असतात. पावसाळ्यात असली कामं घेतच नाहीत, दमट हवेत साफ केलेली प्लेट लगेच काळी पडते म्हणतात. लेखी रिपोर्ट नाही, कॅलेंडरच्या पानामागे लिहून देतात, तेव्हा कागद तुम्हीच न्या आणि सगळं सुवाच्य लिहून सही घ्या. आम्ही तीन हजार दिले, वाचनाचे आणि साफसफाईचे मिळून, माझ्या मते कमीच.

जायचं तर दिवाळीनंतर जा, सकाळी लवकर. आरसी बुक ओरिजिनल न्या, झेरॉक्सवर ते बोलत नाहीत, आणि घरात गाडीचे जुने फोटो असतील तर तेही बरोबर घ्या. आणि नेण्याआधी प्लेटला पाण्याचा प्रेशर मारू नका, नुसती धूळ झाडा.