जिनिंगचा चुकारा अडला: निरीक्षकाकडे तक्रार की थेट दावा?

हिंगणघाट, वणी भागात कापसाच्या जिनिंगमध्ये हंगाम संपला की मजुरांचा शेवटचा चुकारा, म्हणजे मजुरीचे पैसे, अडकतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, म्हणजे मजुरीचा केंद्रीय कायदा, लागू आहे. तिच्यात काम सुटल्यावर कामाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे. ठेकेदार पळाला तरी जिनिंग मालक सुटत नाही.

कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे तक्रारीला खर्च नाही. साध्या कागदावर नाव, तारखा आणि थकलेली रक्कम लिहून दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. रक्कम छोटी, मालक गावातलाच असेल, तर बहुधा एवढ्याने काम होतं. पण काही चुकांत निरीक्षक मालकाला आधी सुधारायची संधी देतो. पुढे 50,000 रुपयांपर्यंत दंड झालाच, तर तो मजुराच्या खिशात येत नाही.

दावा संहितेखाली नेमलेल्या प्राधिकाऱ्यापुढे करायचा. त्यात पैसा मजुराला मिळतो: थकबाकी, वर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई. मुदत तीन वर्षं, पूर्वी एकच होतं. एका जिनिंगमधल्या सगळ्यांचा मिळून एकच अर्ज चालतो, आणि तो करावाच. एकट्या माणसावर दबाव लवकर येतो. पैसे दिल्याचं सिद्ध करणं मालकावर आहे. मजुराने मात्र तिथे काम केल्याचं दाखवावं लागतं, आणि दावे इथंच लंगडतात. मुकादमाच्या वहीचा फोटो, फोनवर आलेल्या उचलीच्या नोंदी, गेट पास जपा. कोऱ्या पावतीवर अंगठा देऊ नका.

मोठी रक्कम किंवा परप्रांती ठेकेदार असेल तर थेट दावाच करा. तक्रार दिली म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही.