अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सायलोसायबिनवाली प्लेलिस्ट अख्खी ऐकली
स्पॉटिफायवर आहे, सात तासांच्या वर. उपचार म्हणून सायलोसायबिन (मॅजिक मशरूममधलं भ्रम निर्माण करणारं द्रव्य) दिलेला पेशंट डोळ्यांवर पट्टी, कानाला हेडफोन लावून पडून असतो ना, तेव्हा वाजवायला तिथले मानसशास्त्रज्ञ बिल रिचर्ड्स यांनी बनवलीय. मी काहीही न घेता रविवारी ऐकली आणि पोलिश संगीतकार गोरेत्स्कीची तिसरी सिम्फनी लागली तेव्हा डोळे भरून आले, मधेच ओम नमः शिवाय आलं तर एकदम घरचं वाटलं. शेवटी लुई आर्मस्ट्राँग, अलगद जमिनीवर आणतो. कॉयर (पाश्चात्त्य समूहगान) मात्र फार झालंय, आपल्याकडच्या पेशंटला एखादा संथ आलाप जास्त जवळचा वाटेल. हे महत्त्वाचंय कारण लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या १९ पेशंटना सायलोसायबिन देऊन केलेल्या अभ्यासात (२०१८) ज्यांना म्युझिक भिडलं त्यांचंच डिप्रेशन जास्त उतरलं होतं. चांगले हेडफोन लावूनच ऐका.