क्रेडिट कार्डावर लाखाचं देणं साचलंय. फेडायला पैसे कुठून आणायचे?

मावसभावाचा फोन आला तेव्हा दिवाळी तीन आठवड्यांवर होती. "दादा, कार्ड लाखाला टेकलंय. पर्सनल लोन काढू की हिच्या पाटल्या ठेवू?"

आधी वॉशिंग मशीन, मग मुलीच्या शाळेची फी, मग सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. यात उधळपट्टी कुठेच नव्हती. वर्षभर तो मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरत होता आणि "एक महिना चुकवला नाही" हे वर अभिमानाने सांगत होता. त्या रात्री कागदावर जो हिशोब केला तोच इथे मांडतो आहे, कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही.

आमचे आजोबा वर्षाचे टक्के कधी बोलत नसत. "शेकडा दोन", "शेकडा तीन" असं बोलत, म्हणजे शंभर रुपयांमागे महिन्याला किती. शेकडा तीन मागणाऱ्या सावकाराचा उंबरठा चढायचा नाही, ही त्यांची घरातली शिस्त. कार्डाची जाहिरात इंग्रजीत आणि गुळगुळीत कागदावर येते म्हणून आपल्या लक्षात येत नाही, पण बहुतेक कार्डांचा दर आहे शेकडा तीन ते पावणेचार. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. साडेतीनचं कार्ड धरलं तर माथी पडतात शेकडा ४ रुपये १३ पैसे. आजोबांनी अशा सावकाराच्या दारावरून जाणंसुद्धा टाळलं असतं.

याला वरची मर्यादा असेल असं वाटत असेल तर तीही नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वर्षाला ३० टक्क्यांवरचं कार्डाचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

आता मिनिमम ड्यू. बहुतेक ठिकाणी तो थकबाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो. लाखावर पाच हजार भरले की त्यातले ४,१३० रुपये व्याजात आणि करात जातात, मुद्दल कमी होते ८७० रुपयांनी. नवी खरेदी अजिबात न करता वर्षभर असे पाच-पाच टक्के भरत राहिलात तर खिशातून जातील साधारण ५७ हजार आणि वर्षअखेर देणं उरेल ९० हजारांच्या आसपास. देणं निम्म्यावर यायला साडेसहा वर्षं लागतात. भावाला हे आकडे वाचून दाखवले तेव्हा फोनवर बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

शिवाय एक छुपी गोष्ट. मागची बाकी पूर्ण भरली नसेल तर बिनव्याजी पंचेचाळीस-पन्नास दिवसांची सवलत नव्या खरेदीलाही मिळत नाही. आज घेतलेल्या भाजीवरही आजपासून व्याज.

तेच पाच हजार, वेगवेगळ्या दारी

तुलना करताना लोक हप्ते शेजारी शेजारी ठेवतात आणि फसतात. मुदत लांबवली की कुठलाही हप्ता लहान दिसतो. म्हणून उलटं करा: महिन्याला नक्की जमतील ते पाच हजार पक्के धरा आणि बघा, एक लाख कुठे कधी फिटतात. खालचे दर उदाहरणादाखल आहेत. तुमच्या हातात येईल तो दर घालून हिशोब पुन्हा करा.

| मार्ग | धरलेला दर (वर्षाला) | शेकडा दरमहा | किती महिने | व्याज साधारण |
|---|---|---|---|---|
| कार्डावरच ठेवणं | ४२% + जीएसटी | ४.१३ | ४३ ते ४४ | १,१६,००० |
| कार्डाच्याच बँकेत ईएमआय करून घेणं | १८% + जीएसटी | १.७७ | २५ | २४,५०० |
| पर्सनल लोन | १४% | १.१७ | २३ | १४,५०० |
| नोकरदारांची पतसंस्था | १२% | १ | २२ ते २३ | १२,१०० |
| सोनेतारण | १०% | ०.८३ | २२ | ९,९०० |
| एफडीवर कर्ज | ८.५% | ०.७१ | २२ | ८,२०० |

नीट पाहिलं तर खालच्या चार ओळींत फारसं अंतर नाही. दोन वर्षांत सहा हजारांच्या आसपासचा फरक. खरी दरी आहे ती पहिल्या ओळीत आणि बाकी सगळ्यांत. म्हणून अर्ध्या टक्क्यासाठी सहा बँकांचे उंबरठे झिजवण्यात महिना घालवू नका. त्या महिन्यात कार्ड चार हजार खाऊन मोकळं होतं.

मग निवड कशावर करायची? दराखेरीज त्या त्या दारी आणखी काय गहाण पडतं, त्यावर.

सोनेतारण

इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडे अडचणीत पहिली नजर कपाटातल्या डब्याकडेच जाते. तासा-दोन तासांत पैसे मिळतात, पगाराची स्लिप फारशी कुणी मागत नाही, सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचा स्कोअर) थोडं खराब असलं तरी चालतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. हे नियम लागू करायला सावकारी संस्थांना १ एप्रिल २०२६ पर्यंतची मुदत होती. किंमत धरतात ती निव्वळ सोन्याची. घडणावळ, खडे, मीनाकाम यांना शून्य. कर्ज पूर्ण फेडल्यावर दागिने सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचे, संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हेही त्याच नियमांत आहे.

दर मात्र संस्थेगणिक बदलतो. बँकेत नऊ-दहा टक्क्यांना मिळणारं सोनेतारण चौकातल्या झगमगीत फायनान्स कंपनीत वीसच्या वरही जातं. तिथे मोठी रक्कम देऊ करतात आणि माणूस रकमेकडे बघतो, दराकडे नाही.

दुसरा धोका स्वभावाचा. बऱ्याच सोनेतारणांत हप्ता नसतोच. वर्षाच्या शेवटी मुद्दल आणि व्याज एकदम भरायचं. वर्षभर कुणी विचारत नाही, आपणही विसरतो. मुदत आली की व्याज भरून नूतनीकरण. पुढच्या वर्षी पुन्हा. माझ्या ओळखीत एका घरी असा एक चपलाहार पाच वर्षं बँकेत होता. भरलेल्या व्याजात त्याचा अर्धा तोळा नवा आला असता. म्हणून सोनं ठेवायचंच तर मासिक हप्त्याचंच कर्ज मागा. वरच्या तक्त्यातला आकडा हप्त्याचा आहे.

आणि तिसरी गोष्ट, जी कुठल्याच फॉर्मवर नसते. पाटल्या वहिनींच्या आहेत. माहेरहून आलेलं सोनं हे स्त्रीधन, त्यावर हक्क तिचा. कार्ड कुणी वापरलं, कशासाठी वापरलं हे तिच्यासमोर स्टेटमेंट ठेवून बोलायचं आणि मग विचारायचं. भावाने मला फोन केला तेव्हा वहिनींना लाखाचा आकडा माहीतच नव्हता. "आधी तिला सांग, मग मला विचार," असं म्हणून मी त्या दिवशी फोन ठेवला.

पतसंस्था

शिक्षक, एसटी, महापालिका, झेडपी, मोठे कारखाने, इथे काम करणाऱ्यांना हे दार घरचंच. दर मध्यम, हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, म्हणून फेडण्याची शिस्त आपोआप येते. कर्जाच्या रकमेतून संस्थेच्या भागापोटी (शेअर्ससाठी) काही टक्के कापून घेतात. ते सभासदत्व सोडताना परत मिळतात आणि त्यावर लाभांशही मिळतो, पण हातात रक्कम तेवढी कमी पडते हे धरून अर्ज करा.

अडचण जामीनदारांची. दोन सहकाऱ्यांच्या सह्या लागतात. तुम्ही जामीन मागितलात की उद्या तुम्हालाही कुणाच्या तरी कागदावर सही करावी लागणार, आणि तो बुडाला की कपात तुमच्या पगारातून. ही किंमत तक्त्यात दिसत नाही.

पर्सनल लोन आणि कार्डाचा ईएमआय

पर्सनल लोनला तारण नको, जामीनदार नको, घरी कुणाला कळायलाही नको. शेवटचा मुद्दा मला गुण वाटत नाही. चौदा टक्के मिळतात ते चांगला सिबिल आणि पक्का पगार असणाऱ्याला. वर्षभर कार्ड काठोकाठ भरलेलं असेल तर स्कोअर उतरलेला असतो आणि दर अठरा-वीसकडे सरकतो. प्रोसेसिंग फी दोन टक्के धरली तर जीएसटीसह २,३६० रुपये आधीच गेले. बहुतेक पर्सनल लोन स्थिर दराची असतात, त्यामुळे बोनस आला म्हणून लवकर फेडायला गेलात तर दंड लागू शकतो. सही करण्याआधी एवढंच विचारा: "मुदतीआधी बंद केलं तर किती?"

कार्डाच्याच बँकेकडून थकबाकीचा ईएमआय करून घेणं महाग आहे, पण फोनवर दहा मिनिटांत होतं. दुसरं दार उघडेपर्यंत तात्पुरता बांध म्हणून ठीक. त्याच फोनवर "नो कॉस्ट ईएमआय"वर नवी वस्तू देऊ करतील. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज किमतीत मुरवलेलं असतं किंवा रोखीची सूट कापून वसूल केलेलं.

एफडी असताना कर्ज?

भावाची ४० हजारांची एफडी होती, सात टक्क्यांची. "ती मोडायची नाही, अडीअडचणीला आहे." अरे, मग ही कोणती? सात मिळवायचे आणि बेचाळीस भरायचे, हा व्यवहार आजोबांना समजावून सांगता आला नसता. एफडी पिकायला दोन-तीन महिने असतील तर तिच्यावर कर्ज घ्या, नाहीतर सरळ मोडा. दंड एखादा टक्का बसेल. हेच म्युच्युअल फंडातल्या मासिक एसआयपीचं. कार्ड फिटेपर्यंत ती थांबवा. आरोग्य विम्याचा हप्ता मात्र थांबवू नका, नाहीतर पुढचं ऑपरेशन पुन्हा कार्डावर.

नातेवाइकांकडून हातउसने घेतले तर व्याज शून्य, पण ते लग्नकार्यात फिटत राहतं. घेतलेच तर तारखेसह लिहून द्या, भावाभावांत असले तरी. बचत गटात शेकडा एक-दोनने मिळतं. लाखाला पुरत नाही, दहा-वीस हजारांची फट बुजवायला उत्तम. बँकेशी "सेटलमेंट" करून कमी पैशांत सुटणं हा शेवटचा मार्ग. नोकरी गेली असेल, खरोखर काही उरलं नसेल तरच. सिबिलवर तो डाग राहतो आणि घरकर्जाच्या वेळी समोर येतो. वसुलीवाल्यांचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर येता कामा नयेत, असा नियम आहे; येत असतील तर वेळ टिपून ठेवा आणि बँकेला लेखी कळवा. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते.

पाच हजार निघणार कुठून

चहा बंद करून निघत नाहीत, हे आधी सांगतो. घरात काटकसर म्हटली की पहिला घाव स्वयंपाकघरावर पडतो: तूप कमी, फळं कमी. त्यातून महिन्याला सातशे-आठशे निघतात आणि कुरकूर सात-आठ हजारांची होते. मोठ्या रकमा दुसरीकडे असतात. भावाच्या घरात त्या तीन ठिकाणी सापडल्या: कुणी बघत नसलेली दोन ओटीटी सबस्क्रिप्शनं आणि जिमचं ऑटो-पे, रविवारचं बाहेरून मागवणं, आणि दारात नुसती उभी असलेली जुनी दुचाकी. दुचाकी विकली. किराणा महिन्याचा एकदम, यादी करून, रोखीने आणायला लागले. दहा मिनिटांत वस्तू आणून देणारं ॲप वहिनींनी स्वतःच काढून टाकलं.

शेवटी त्याने असं केलं: एफडी मोडून ४० हजार, उरलेले ६० हजार कंपनीच्या पतसंस्थेतून. पाच हजारांच्या कपातीने ते तेरा महिन्यांत फिटतात, व्याज सव्वाचार हजारांच्या आसपास. पाटल्या कपाटातच राहिल्या.

कार्ड बंद करायचं का, यावर आमचं एकमत झालं नाही. मी म्हणालो, मर्यादा तीस हजारांवर आण, ॲपमधून ऑनलाइन वापर बंद ठेव आणि ऑटो-डेबिट मिनिममवर नको, पूर्ण रकमेवर लाव. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, घरात साप पाळून त्याच्या पेटीला कुलूप कशाला?" कार्ड बंद झालं. थकबाकी शून्य असेल तर बँकेने विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेला.

बंद करण्याआधी एक स्टेटमेंट थांबा मात्र. पूर्ण रक्कम भरल्यावरही पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं व्याज येतं. भावाच्या बिलात ते आलं, तेवढं भरलं, आणि मगच कुणाचं काही देणं नाही असं बँकेचं पत्र मागून घेतलं. ते आता पाटल्यांच्या डब्यात आहे.