अ‍ॅनिमे फॅन्ससाठी विनोदी गाणं: पॅरडी करायची की स्वतःचं बांधायचं?

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन सिरीजच्या फॅन्सच्या गॅदरिंगला स्टेजवर एखादं धमाल गाणं करायचं ठरलं की पहिला वाद हाच होतो, एखाद्या गाजलेल्या ओपनिंगच्या (सिरीजच्या सुरुवातीच्या गाण्याच्या) चालीवर आपले शब्द बसवायचे की शब्द आणि चाल दोन्ही घरचंच. मी दोन्ही करून बघितलंय आणि दोन्हीत खूप मजा आली, पण दोन्हीला लागणारी तयारी अगदी वेगळी आहे.

पॅरडीची ताकद अशी की पहिले दोन सूर वाजले की हॉल तुमचा. चाल सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे लोकांचा कान थेट शब्दांवर जातो आणि "फिलर सोडून बघ रे" (फिलर म्हणजे मूळ कथेत नसलेले भरतीचे एपिसोड) किंवा "मांगा वाचलेल्यांनी गप्प बसा" (मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स) असली ओळ आली की लगेच हशा. हा प्रकार नवा नाहीये. सायन्स फिक्शनचे फॅन्स १९५० च्या दशकापासून असली गाणी गातायत, त्याला फिल्क म्हणतात, एका लेखात 'फोक'च्या जागी चुकून 'फिल्क' टाइप झालं आणि ते लोकांना इतकं आवडलं की तेच नाव पडलं.

आता मराठीत लिहिणार असाल तर हे नीट वाचा, कारण मी इथेच सगळ्यात जास्त अडकलो होतो. जपानी शब्द बहुतेक स्वरावर संपतात, फार तर 'न्' वर, म्हणून ओपनिंगच्या ओळीचा शेवटचा सूर बिनधास्त लांबवता येतो. आपले बरेच शब्द मात्र बोलताना व्यंजनावर संपतात. मी ओळ लिहिली होती "फक्त एकच एपिसोड", आणि चार मात्रा ताणायची वेळ आली की तो 'ड' कुठे टाकायचा तेच कळेना, आधी टाकला तर सूर तुटतो, शेवटी टाकला तर कोणाला ऐकूच जात नाही. मग केलं "अजून एकच बघूया", आणि तो 'या' काय मस्त लांबला! तेव्हापासून ओळीचा शेवट लो, ली, ला, या असाच शोधतो.

लांबीचं पण बघा. टीव्हीवरचं ओपनिंग साधारण दीड मिनिटाचं असतं, पॅरडी तेवढ्यातच संपवा. पूर्ण व्हर्जन घेतलं तर दुसऱ्या कडव्यात तोच जोक परत येतो.

रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकणार असाल तर अजून एक गोष्ट. "पॅरडी आहे, चालतं" असं सगळे म्हणतात, पण अमेरिकेत सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या कॅम्पबेल खटल्यात (तो एका गाण्याच्या पॅरडीवरूनच होता) भर दिला तो मूळ गाण्यावरच टिप्पणी करण्यावर. आपण त्या गाण्याबद्दल काहीच न बोलता फक्त त्याची चाल घेऊन फॅन्सबद्दल गातो, म्हणजे आपली बाजू तशी कमजोरच. यूट्यूबचं कंटेंट आयडी, म्हणजे गाणी आपोआप ओळखणारी सिस्टीम, तर ओरिजिनल ट्रॅक वापरला की लगेच पकडतं.

स्वतःचं गाणं बांधायला वेळ जास्त लागतो, पण मला विचाराल तर तेच करा. चाल उचलायची नाही, ढंग उचलायचा. गायनॅक्स या अ‍ॅनिमे स्टुडिओच्या १९९१ च्या 'ओताकु नो व्हिडिओ' या अ‍ॅनिमेचं ओपनिंग ऐका, जुन्या रोबॉट सिरीजच्या थाटातलं एकदम वीररसाचं गाणं, आणि हिरो कोण तर ओताकु, म्हणजे आपल्यासारखा अ‍ॅनिमेवेडा फॅन! हे मला फार आवडतं, कारण फॅनला कुठेही खाली न खेचता हसवलंय.

दुसरा रस्ता डेनपा गाण्यांचा, म्हणजे उंच गोड आवाज, वेड्यासारखा स्पीड आणि मुद्दाम विचित्र शब्द. हारुको मोमोई आणि मासाया कोइके यांची अंडर१७ ही जोडी (२००२ ते २००४) इथून सुरुवात करायला बेस्ट. अशा गाण्यात प्रेक्षकांच्या आरोळ्यांना जागा असते. जपानी आयडॉल, म्हणजे तिथल्या पॉप गायिकांच्या ग्रुप्सच्या कॉन्सर्टमध्ये लोक "टायगर, फायर, सायबर, फायबर" असं एका दमात ओरडतात ना, त्याला मिक्स म्हणतात, तसं काहीतरी आपल्या शब्दांत ठेवलं की नवीन चाल असली तरी लोक दुसऱ्या वेळेला बरोबर येतात.

शब्द लिहायचाच कंटाळा असेल तर अ‍ॅनिमेटल या जपानी बँडसारखं करता येतं, त्यांनी १९९६ पासून जुनी अ‍ॅनिमे गाणी सरळ हेवी मेटलमध्ये वाजवली. पण त्याला बँड खरंच तयारीचा लागतो.

तर हातात आठवडाभरच असेल आणि समोर सगळे पक्के फॅन असतील तर पॅरडी घ्या, दीड मिनिट, एकदम पाठ करून. महिनाभर असेल, चार-पाच जण असाल आणि हॉलमध्ये अ‍ॅनिमे न बघणारे पण येणार असतील तर स्वतःचं बांधा, कारण ज्याला मूळ गाणंच माहीत नाही त्याला पॅरडीतलं निम्मं कळत नाही, आरोळी मात्र तोही ठोकतो. आरोळीची जागा आधी ठरवा, कडवी नंतर लिहा.