संरक्षण अधिकारी: सेवा फुकट, पण आदेश राज्याबाहेर नेताना डोळे उघडे ठेवा

संरक्षण अधिकारी म्हणजे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पीडित महिलेला मदत करणारा अधिकारी; ही सरकारी सेवा. हिंसाचाराच्या घटनेचा अहवाल (नमुना 1) भरून घेणं, अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पोचवणं, नोटीस बजावणं, सगळं विनामूल्य. कागद तयार करण्यात सेवा चांगली. बजावणीत लंगडी: नोटिशीला कायद्याने 2 दिवस, पण सासर परराज्यात असलं की तारखांवर तारखा.

खरी परीक्षा पुढे. पुण्यातल्या न्यायालयाने दिलेला आदेश सुरतेत चालतो का? चालतो. कलम 27 नुसार तो भारतभर लागू, पुन्हा नोंदणी नाही. ठाणे अंमलदार मात्र ‘तिकडचा आदेश, तिकडेच जा’ म्हणतो, कारण कलम 24 नुसार पोलिसांना मिळणारी आदेशाची प्रत मूळ न्यायालयाच्या हद्दीतल्या ठाण्यालाच जाते. शिवाय आदेश मराठीत! म्हणून नक्कल अर्ज करून सही-शिक्क्याच्या तीन प्रती घ्या, सोबत इंग्रजी भाषांतर जोडा, नव्या ठाण्यात एक देऊन दुसरीवर पोच घ्या.

संरक्षण आदेश (हिंसा करायला मनाई करणारा) मोडला की कलम 31: एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; कलम 32 नुसार दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात), अजामीनपात्र. हद्दीचं कारण सांगितलं तर शून्य क्रमांकाने (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात) गुन्हा नोंदवायला सांगा.

थकलेल्या पोटगीला हा फौजदारी धाक भरवशाचा नाही. नवरा पगारदार असेल तर कलम 20(6) खाली मालकाकडूनच पगारातून वळती मागा. ही गोष्ट संरक्षण अधिकारी क्वचितच आपणहून सांगतात.

पाचपैकी तीन तारे.