बाटलीतली ब्राह्मी: घरगुती टिश्यू कल्चर किट वापरून पाहिल्यावर

झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बरणीतल्या निर्जंतुक खाद्यावर नवी रोपं वाढवायची, हे टिश्यू कल्चर. त्याचं किट दोनदा पूर्ण वापरलं, म्हणून आता लिहिते. माझी ब्राह्मी म्हणजे जाडसर, बारक्या पानांची बाकोपा. गोल पानांची मंडूकपर्णी नव्हे. दोन्हींना लोक ब्राह्मीच म्हणतात आणि बरणीत आईची, म्हणजे ज्या झाडाचा तुकडा घेतला त्याची, हुबेहूब नक्कल तयार होते, त्यामुळे औषधी झाड असेल तर आईची ओळख आधी पक्की करा.

किटमधली माध्यमाची, म्हणजे तुकड्यांच्या खाद्याची, पावडर उत्तम आहे. मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेलं एमएस माध्यमच ते, पण ब्राह्मीला छान मानवलं. लिटरला 30 ग्रॅम साखर, घट्ट करायला अगर, फुटव्यांसाठी थोडं बीएपी हे संप्रेरक, मग प्रेशर कुकरमध्ये 20 मिनिटं. पीएच, म्हणजे आंबटपणा, मोजायच्या पट्ट्या मात्र कुचकामी. हवा असतो 5.8 आणि पट्टीवर 5 नंतर एकदम 6! पहिल्या खेपेला पीएच खाली गेला आणि अगर नीट घट्ट झालंच नाही.

12 पैकी 4 बरण्यांत चौथ्या दिवशी बुरशीचा पांढरा कापूस दिसला. त्या न उघडता तशाच कुकरमध्ये घातल्या. उरलेल्यांत खोडाच्या तुकड्यावरच्या पेऱ्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीएवढे हिरवे ठिपके आले आणि तिसऱ्या आठवड्यात तिथे फुटव्यांचा झुपका! मी रोज सकाळी आधी तिकडेच जायचे.

खरी तक्रार पुढची आहे. माहितीपत्रकात हार्डनिंगबद्दल, म्हणजे रोपांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावण्याबद्दल, एकच ओळ: ‘मुळं फुटली की कुंडीत लावा.’ तसं केलं आणि पहिली सगळी रोपं दोन दिवसांत माना टाकून गेली. फार वाईट वाटलं. बरणीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो, पर्णरंध्रंही नीट मिटत नाहीत. बाहेर आली की पाणी भराभर उडतं.

दुसऱ्या वेळी मुळांचं अगर कोमट पाण्यात हलक्या हाताने धुतलं, कारण त्यातल्या साखरेवर बुरशी धरते. ओल्या कोकोपीटमध्ये लावून प्रत्येकावर पारदर्शक पेला पालथा घातला. सहाव्या दिवसापासून तो रोज अर्धा तास उचलला, मग वेळ वाढवत नेला. तीन आठवडे गेले, पण 20 पैकी 17 रोपं जगली.

किट घ्या, पण बारीक फरक दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या वेगळ्या आणा आणि पेले आधीच जमवून ठेवा. हार्डनिंगचं एक पान जोडा, असं मी बनवणाऱ्यांना कळवलंय.