जुनी बाटली, नवी बाटली: सिंगल माल्टच्या तीन जोड्या

बंद झालेल्या जुन्या सिंगल माल्टविषयी (म्हणजे एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या बार्लीपासून बनवलेल्या व्हिस्कीविषयी) जळगाव-भुसावळकडचे रसिक ज्या आदराने बोलतात तो बऱ्याच अंशी रास्त आहे. मात्र ती व्हिस्की जुनी आहे म्हणून चांगली, हे कारण मला पटत नाही. व्हिस्की लाकडी पिपात मुरते, बाटलीत मुरत नाही. दहा वर्षे मुरवून 1995 मध्ये बाटलीबंद केलेली व्हिस्की आज उघडली तरी दहा वर्षांचीच असते. तेव्हा जुन्या-नव्यात फरक जाणवला, तर त्याचे मूळ त्या काळची पिपे, बार्ली आणि डिस्टिलरीकडचा साठा यांच्यात शोधावे लागते. एका स्नेह्यांच्या मामांनी मर्चंट नेव्हीत असताना आणलेल्या आणि वर्षानुवर्षे जपलेल्या बाटल्या या हिवाळ्यात मोठ्या मनाने उघडल्या, म्हणून त्यांच्या शेजारी आजच्या बाटल्या ठेवून ही तुलना करता आली.

सर्वांत मोठे अंतर मॅकॅलन या स्कॉटलंडच्या व्हिस्कीत आढळले. शेरीच्या, म्हणजे स्पेनमधल्या एका तीव्र वाइनच्या, पिपांत मुरवलेली दहा वर्षांची मॅकॅलन आता निघत नाही. तिच्यासमोर आम्ही 2016 मध्ये बाजारात आलेली बारा वर्षांची डबल कास्क ठेवली. दोन्हींत मद्यार्काचे प्रमाण 40 टक्केच, वय तर नवीचेच जास्त, तरीही जुनीमध्ये काळ्या मनुका, सुके अंजीर आणि अक्रोडाच्या सालीचा किंचित तुरटपणा असा दाटपणा होता, की घोट उतरल्यावरही चव बराच वेळ रेंगाळत राहिली. नवी मध, व्हॅनिला आणि संत्र्याच्या सालीची आहे. गोड आणि नीटस आहे, पण लवकर संपते.

याचे एक मोठे कारण पिपांत आहे. पूर्वी शेरी स्पेनहून ब्रिटनला पिपांतूनच जात असे, बाटल्या तिथे भरल्या जात आणि रिकामी पिपे स्कॉटलंडला सहज मिळत. 1980 च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचा नियम झाला आणि हा ओघ आटला; आता मुद्दाम पिपे बनवून घेऊन, त्यांत काही काळ शेरी ठेवून ती तयार करावी लागतात. दुसरे कारण साठ्याचे. त्याच दशकात स्कॉटलंडमध्ये मागणीपेक्षा फार जास्त व्हिस्की तयार झाली होती, आणि 1983 मध्ये पोर्ट एलन व ब्रोरासारख्या डिस्टिलऱ्या त्यामुळेच बंद पडल्या. लेबलवरचा आकडा बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो, त्यामुळे दहा वर्षांच्या बाटलीत त्याहून जुना माल मिसळायला कधीच आडकाठी नव्हती, आणि पडून राहिलेला माल मुबलक असताना ते परवडतही होते. आज मुरलेल्या प्रत्येक पिपाला गिऱ्हाईक आहे, तेव्हा ती उदारता कोण दाखवणार?

आर्डबेग या दुसऱ्या स्कॉटिश व्हिस्कीची गोष्ट मात्र वेगळी. ही डिस्टिलरी 1981 मध्ये बंद पडली, 1989 मध्ये थोड्या प्रमाणात सुरू झाली आणि 1997 मध्ये ग्लेनमोरांजी या व्हिस्की कंपनीने विकत घेतली. त्यानंतर आलेल्या सतरा वर्षांच्या आर्डबेगमध्ये साहजिकच बंद पडण्याआधीचा माल होता, आणि ती संपल्यावर तिचे नाव दंतकथेसारखे झाले. तिच्यात लिंबाची साल, मेण आणि विझत आलेल्या चुलीचा मंद धूर आहे, यात शंका नाही. परंतु ती 40 टक्क्यांवर आणून, थंड करून गाळलेली आहे, आणि या गाळण्यात तेलकटपणा निघून जातो. 2000 सालापासूनची दहा वर्षांची आर्डबेग 46 टक्क्यांची, न गाळलेली, जिभेवर जाड बसणारी आहे. बामणोदची वांगी काटक्यांवर भाजताना जो धूर अंगणभर पसरतो, त्याची आठवण आपल्याकडच्या माणसाला हिचा वास घेताना हमखास होते, फक्त इथे त्यात समुद्र आणि औषधाचा वास मिसळलेला असतो. माझ्या मते या जोडीत नवीच वरचढ आहे. मामांना हा निकाल मान्य झाला नाही. (भरिताची पार्टी असेल तर चव आधी घ्यावी, मिरची-लसणानंतर जिभेला यातले काही कळत नाही.)

ग्लेनमोरांजीवर फार लिहिण्याची गरज नाही. दहा वर्षांची ओरिजिनल जाऊन 2024 मध्ये तिच्या जागी बारा वर्षांची आली, म्हणजे नवीच अधिक मुरलेली आहे, आणि पीच व मधाची चव तिच्यात थोडी भरीव लागते. जुनीसाठी हळहळण्याचे कारण नाही.

खरेदीविषयी एवढेच सांगेन, की ब्रिटनमधल्या लिलावांत जुन्या मॅकॅलनचे भाव चवीच्या हिशेबाने लागत नाहीत, संग्राहकांच्या हिशेबाने लागतात. कोणी नातेवाईक परदेशातून येत असेल, तर त्याच्या दोन लिटरच्या करमुक्त सवलतीत 46 टक्क्यांची, न गाळलेली नवी बाटली मागवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जुनी बाटली घरात असेलच, तर ती उभी ठेवावी, कारण आडवी ठेवल्यास तीव्र मद्य बुचाला कुरतडते. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा गच्चीखालच्या खोलीतले कपाट टाळून तळमजल्यावरची अंधारी जागा निवडावी. मामांच्या एका बाटलीचे बूच असेच भुगा होऊन आत पडले होते आणि मद्याची पातळी गळ्याच्या खाली उतरली होती. तिची चव इतकी बोथट झाली होती, की तिला या तुलनेत घेतलेच नाही.